नंबर कोणाच्या नावावर?

स्वयंपाकघरातल्या सिंकवर पोट टेकवून आणि डोकं खिडकीबाहेर काढून ड्रायव्हिंग स्कूलचे सर ओरडत होते, "उद्या सकाळी सात! अहो, सात म्हणतोय, साठ नाही!" खाली कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीने वर बघून सात बोटं दाखवली. तिला कळलं होतं. फोनवरच्या माणसाला अजून कळायचं होतं.

सरांच्या फोनला घरात रेंज येत नव्हती. आख्ख्या घरात रेंजची जागा एकच, सिंकवरची खिडकी, आणि तीसुद्धा अर्धं अंग बाहेर काढणाऱ्यालाच मिळायची. त्यामुळे सरांच्या शिकवण्या आणि घरातली भांडी यांची रोज एकाच जागेवरून ओढाताण चालायची. सरांच्या शर्टावर पोटाच्या जागी कायम एक ओला पट्टा असायचा.

"अहो, कंपनी बदला ना," बायको म्हणाली. खरकटी कढई हातात घेऊन ती मागे ताटकळत उभी होती. "नंबर तोच राहतो. हल्ली सगळेच करतात. फक्त त्याला नंबर ज्याच्या नावावर..."

"मला शिकवू नकोस," सर म्हणाले आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

हा पाय सरांचा जन्माचा सोबती होता. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की सर तो दाबायचे. वर्षानुवर्षं दाबून दाबून पायाला अशी सवय जडली होती, की समोरचं माणूस सरांना नको त्या दिशेला वळतंय असं वाटलं की तो आपोआप खाली जायचा. बाहेर त्याने गाड्या थांबायच्या. घरात बायको थांबायची.

नंबर मात्र सरांचा जीव होता. तो चारही गाड्यांच्या टपांवर होता, दारांवर होता, शटरवर होता, गावातल्या निम्म्या भिंतींवर होता. "लोक माझं नाव विसरतात, नंबर विसरत नाहीत," असं ते अभिमानाने सांगायचे. ते खरंही होतं. "काय नंबर निवडला होता मी!" असंही ते सांगायचे. ते मात्र खरं नव्हतं. स्कूल उघडायच्या धामधुमीत सरांना रांगेत उभं राहायला वेळ नव्हता. रांगेत उभा राहिला होता त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कागदपत्रंही घाईत त्यानेच स्वतःची दिली होती. ही गोष्ट सर सोयीस्करपणे विसरले होते, कारण त्या मेहुण्याचं नाव या घरात काढायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

हुकमाला कारण होतं. मेहुणा सरांच्याच स्कूलमध्ये गाडी शिकला आणि परीक्षेत रिव्हर्सला नापास झाला. सरांनी सगळ्या नातेवाइकांच्या पंगतीत जाहीर केलं, "याला या जन्मात रिव्हर्स येणार नाही." मेहुणा समोरच्याच दुसऱ्या स्कूलमध्ये गेला, पास झाला, आणि पुढच्याच महिन्यात समोरच्या पाटीवर त्याचा दात काढून हसणारा फोटो झळकला. खाली मजकूर होता, 'इतरांनी हात टेकले, आम्ही शिकवलं.' त्या दिवसापासून सरांनी त्याचं तोंड पाहिलं नाही, पाटीवरचं सोडून. ते रोज शटर उघडताना दिसायचंच.

नियम इतका कडक होता की त्याच नावाचा एक विद्यार्थी स्कूलमध्ये आला, तेव्हा सर त्याला पास होईपर्यंत 'निळा शर्ट' म्हणत राहिले. तो बिचारा एकदाच निळा शर्ट घालून आला होता. घरातल्या नियमाचा मान राखून आपणही ते नाव इथे काढत नाही.

तर सरांनी कंपनी बदलायचं ठरवलं. एका ठरलेल्या नंबरवर एका शब्दाचा मेसेज करायचा, पुढे आपला नंबर टाकायचा, की जुनी कंपनी कोड पाठवते, एवढंच काम होतं. सरांनी लिहिलं, 'महोदय, आपल्या गलथान सेवेला कंटाळून मी आपली कंपनी सोडत आहे, तरी त्वरित कोड द्यावा.' उत्तर आलं, 'चुकीचा मेसेज.' सरांनी पुन्हा लिहिलं, 'चूक तुमची आहे.' पुन्हा उत्तर आलं, 'चुकीचा मेसेज.' ही मारामारी सिंकवर ओणवं होऊन बराच वेळ चालली. शेवटी बायकोने हात पुसले, फोन घेतला आणि तो एक शब्द पाठवला. लगेच कोड आला.

"आता हा घेऊन नव्या दुकानात जायचं," ती म्हणाली. "पण तिथे विचारतील हं, की नंबर कोणाच्या..."

सरांचा पाय खाली गेला. बायको थांबली. तिने खांदे उडवले आणि कढई घासायला घेतली.

आजवर ज्या कंपनीने सरांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिला कोड देताच त्यांच्याबद्दल एकदम प्रेमाचं भरतं आलं. दुसऱ्या दिवशी सर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना चौकातून गाडी काढायला शिकवत होते. बाई स्टिअरिंग असं धरून बसल्या होत्या, की जणू कोणी ते उपटून नेणार आहे. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर! आपण आम्हाला सोडून चाललात? आमचं काही चुकलं का?" एका मुलीचा आवाज इतका गोड होता, की सर क्षणभर विरघळले. "मी श्रीयुत..." आणि तिने नाव घेतलं. तेच नाव, आडनावासकट. "...यांच्याशीच बोलतेय ना?"

सरांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मध्यभागी थांबली. डॉक्टरीणबाई किंचाळल्या, "माझं काय चुकलं?"

"कोण बोलतंय? कोणाचं नाव घेताय?" सर फोनवर कडाडले. "त्या माणसाचा या नंबराशी काडीचाही संबंध नाही! माझा नंबर लोकांना वाटत फिरतो वाटतं हल्ली?"

"म्हणजे सर, हा नंबर ते वापरत नाहीत?"

"नाही!"

"आपण ते नाही?"

"मी तो? अहो, तोंड सांभाळून बोला!"

"कळवल्याबद्दल आभारी आहे सर," मुलगी त्याच गोडव्याने म्हणाली. "नोंद घेतली आहे. आपला दिवस चांगला जावो."

दुपारपर्यंत फोन बंद पडला. 'मालकाची पडताळणी होईपर्यंत सेवा स्थगित' एवढाच शेवटचा मेसेज त्यावर दिसत होता. सरांनी तो खिडकीबाहेर धरला, गच्चीवर नेला, शेवटी आपटूनही पाहिला. काही उपयोग झाला नाही.

आता सरांच्या चार गाड्या टपांवर मेलेला नंबर मिरवत गावभर फिरत होत्या. लोक फोन करत होते आणि 'हा नंबर सध्या सेवेत नाही' हे ऐकून आपापले तर्क लढवत होते. आधी स्कूल बंद पडल्याची बातमी पसरली. मग सरांना अपघात झाल्याची. मग फोनवरच नाव नोंदवलेला एक नवा विद्यार्थी चेहरा पाडून स्कूलवर आला आणि शटरपाशी उभ्या सरांनाच म्हणाला, "फार वाईट झालं हो. किती चांगले होते." तोंडावर तो चांगलं बोलला याचा सरांना आनंद मानता येईना. कारण परत जाताना तो समोरच्या स्कूलमध्ये चौकशीला शिरलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. नव्या तुकडीचे दिवस होते. फोन लागला नाही की माणसं रस्ता ओलांडत होती.

सर बायकोला घेऊन तडक जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नंबर कोणाच्या नावावर आहे?"

"हा नंबर आख्ख्या गावाच्या तोंडी आहे," सर म्हणाले.

"गावाचं ओळखपत्र आणलंय का?"

सरांनी आपलं ओळखपत्र पुढे केलं. मुलीने ते पाहिलं, स्क्रीन पाहिला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. तिथे मोठ्या अक्षरांत ते नाव होतं. शेजारी फोटो होता, मिसरूड फुटलेल्या, तेव्हाही दात काढून हसणाऱ्या मेहुण्याचा. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा पाय काउंटरच्या लाकडावर इतक्या जोरात दाबला गेला, की आतला ड्रॉवर उघडला.

"हे आपले कोण?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही."

"मग नंबर त्यांचा आहे. त्यांनाच परत करावा लागेल."

"तसा... मेहुणा आहे."

"'तसा' म्हणजे?"

"सख्खा," सरांनी कबुली दिली.

"मग त्यांना घेऊन या. स्वतः यावं लागेल, फोटो काढावा लागेल. पुढचे!"

बाहेर आल्यावर सर बायकोवर उखडले. "तुला माहीत होतं! मूग गिळून का बसलीस?"

"किती वेळा सांगायला आले," बायको शांतपणे म्हणाली. "पण नंबर कोणाच्या नावावर हे सांगायचं तर नाव काढावं लागतं. आणि आपल्या घरात नाव काढायची बंदी आहे. मी आपली नियमाने वागते."

"तू त्याला बोलावून घे," सर पुटपुटले.

"सकाळीच विचारलं मी. तो म्हणतो, भाऊजींनी स्वतः फोन केला तर येईन."

"फोन बंद आहे माझा!"

"तेही सांगितलं त्याला. खूप हसला."

मेहुण्याचं चष्म्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. सर दोनदा दुकानावरून पुढे गेले, तिसऱ्यांदा आत शिरले. मेहुणा एका काचेला फुंकर मारत होता. त्याने सरांकडे पाहिलं आणि अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवावी तशी तपासणीची खुर्ची दाखवली. काय करावं न सुचून सर तीवर बसले. मेहुण्याने त्यांच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवली.

"खालची ओळ वाचा."

सरांनी निमूटपणे वाचली. बिनचूक वाचली.

"लांबचं झकास दिसतंय," मेहुणा म्हणाला. "जवळची माणसं दिसत नाहीत, एवढंच. त्याला माझ्याकडे काच नाही, भाऊजी."

"येतोस का नाही, तेवढं सांग," सर फ्रेमच्या आतून म्हणाले. आवाज चढवायचा म्हणून सुरू केलेलं वाक्य शेवटाला पार विनवणीचं झालं.

"येतो की. पण गाडी मी चालवणार. तुमची स्कूलची गाडी. तुम्ही शेजारी बसायचं आणि ब्रेकला पाय लावायचा नाही."

सर दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले. दुसरा इलाज नव्हता. बायको मागे बसून खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. मेहुण्याने मुद्दाम समोरच्या स्कूलवरून गाडी नेली. ऑफिसपुढे दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढी फट होती. ती पाहून सर म्हणाले, "इथे नको, पुढे लाव." मेहुण्याने आरशात एकदा पाहिलं आणि एका दमात, एका वळणात गाडी उलटी आत घातली. कुठे घासली नाही, काही नाही. सर बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. दार उघडायला जागा आहे की नाही ते पाहतोय, असं त्यांनी सांगितलं.

काउंटरवरच्या मुलीने सांगितल्याप्रमाणे मेहुण्याने फोटोसाठी डोळे मिटले, उघडले, मान वळवली. नंबर पुन्हा चालू झाला.

"आता हा माझ्या नावावर करून टाका," सर घाईघाईने म्हणाले.

"कोड निघालाय ना सर, आता नाव बदलत नाही," मुलगी म्हणाली. "आहे त्याच नावाने नव्या कंपनीत न्या. तिकडे तीन महिने झाले की मग नाव बदला."

"म्हणजे तीन महिने मी..."

"कागदावर तुम्ही कोणीच नाही सर. पुढचे!"

नव्या कंपनीचं दुकान शेजारच्याच गाळ्यात होतं. मेहुण्याने अर्ज भरला, कोड दिला, नवं सिमकार्ड घेतलं. दुकानदाराने बजावलं, "नवं सिम सुरू झालं की कंपनीचा फोन येईल, खात्री करायला. दिवसभरात कधीही येईल. ज्यांच्या नावावर नंबर, त्यांनीच उचलायचा. एकाने उचलला आणि दुसऱ्याने बोलायला घेतला, तर अर्ज बाद. उत्तर अर्जाशी जुळलं नाही, तरी बाद. मग सगळं पहिल्यापासून."

'पहिल्यापासून' हा शब्द ऐकून सरांना घाम फुटला. त्यामुळे सिम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी सकाळी मेहुण्याला सन्मानाने घरी आणण्यात आलं. सोफ्यावर सरांच्या जागेवर तो बसला, मांडीवर सरांचा फोन घेऊन. बायकोने इतक्या वर्षांचं जेवण एका दिवसात करायचं ठरवलेलं दिसत होतं. सकाळपासून आतून फोडण्यांचे आवाज येत होते. "अजून थोडं घे ना," हे वाक्य सरांना दर पंधरा मिनिटांनी ऐकू येत होतं आणि ते त्यांना उद्देशून नव्हतं. ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे एका स्टुलाच्या कडेवर बसून होते. फोन दिसत होता, हात लावता येत नव्हता.

दुपारी मेहुणा जेवून हात धुवायला उठला. फोन सोफ्यावर राहिला, आणि नेमका तेव्हाच वाजला.

सिंकवरची खिडकी सोडून घरात ती रिंग सरांनी कधी ऐकलीच नव्हती. ती घराच्या मधोमध, सोफ्यावर, खणखणीत वाजत होती. भुकेल्याने ताटावर पडावं तसे सर तिच्यावर झेपावले आणि फोन कानाला लावूनच भानावर आले.

"हॅलो!" त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. मेहुणा ओल्या हातांनी दारात थबकला. बायको मागून डोकावली.

"नमस्कार. आपण कोण बोलताय? कृपया पूर्ण नाव सांगा."

सरांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने ओला हात हलवून खूण केली, की आता तुम्हीच. फोन देता येत नव्हता. ठेवता येत नव्हता. सरांचा पाय दोनदा फरशीवर दाबला गेला, पण फोनवरच्या बाई थांबल्या नाहीत. "हॅलो? नाव सांगता ना सर?"

सरांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं. पहिलं नाव, मग सासऱ्यांचं नाव, मग आडनाव. आवाज घोगरा आला, पण नाव पूर्ण आलं.

"जन्मतारीख?"

मेहुण्याने बोटांवर दाखवली. सरांनी सांगितली, आणि या वयात एकदम बारा वर्षांनी लहान झाले.

"आपला व्यवसाय?"

"ड्राय..." मेहुण्याने डोळ्यांपुढे दोन्ही हातांच्या गोल चकत्या धरल्या. "चष्मे. चष्म्यांचं दुकान आहे माझं."

"छान. पर्यायी संपर्कासाठी आपण घरातला एक नंबर दिलाय. तो कोणाचा?"

तो बायकोचा होता. इथे मात्र सरांना हायसं वाटलं. निदान एक उत्तर तरी त्यांचं स्वतःचं होतं. "माझ्या बाय..."

मेहुणा दोन्ही हातांनी पाणी उडवत जागच्या जागी नाचू लागला. अर्ज त्याने भरला होता. त्याच्या नावाने भरला होता. सरांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडातला शब्द तोंडातच अडकला.

"काय म्हणालात सर? नातं सांगा, अर्जाशी जुळवून बघायचंय."

"बाय... ब... बहीण," सर म्हणाले.

"सख्खी?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"सख्खी," ते म्हणाले.

"धन्यवाद सर. सगळं जुळलं. आपला नंबर आजपासून आमच्याकडे." फोन बंद झाला.

सर फोन हातात धरून तसेच उभे होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मेहुण्याने ओले हात आपल्याच शर्टाला पुसले आणि तो काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायको हसायला लागली. ती पोट धरून हसली, चौकटीला टेकून हसली, हसता हसता खाली बसली आणि कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. तिने ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"इतकी वर्षं या घरात मला भाऊ नव्हता," ती डोळे पुसत म्हणाली. "आज एकदम दोन झाले."

सर मुकाट्याने ताटावर जाऊन बसले.